नळ, घोडी आणि वाटेतले गरजू लोक

४ नोव्हेंबर

ही भावाकडे निघून गेली. जाताना दारात बॅग खाली ठेवून म्हणाली, ज्या दिवशी प्लंबरला बोलवाल त्या दिवशी परत येईन. मी म्हटलं, नळाचं काम मी स्वतः करतोय. ती म्हणाली, जूनपासून करताय.

काम नव्वद टक्के झालेलं आहे. स्वयंपाकघरातला नळ सोडला की न्हाणीघरातला शॉवर सुरू होतो. म्हणजे पाणी आहे, प्रेशर आहे, फक्त जागा चुकतेय. भांडी शॉवरखाली बसून घासावी लागतात म्हणून कोणी घर सोडून जातं का? शिवाय मी तिला रेनकोट आणून दिला होता.

प्लंबरला बोलावणं तत्त्वात बसत नाही. अख्खी नोकरी बस डेपोत चौकशीच्या खिडकीमागे काढली. लोकांनी मला विचारायचं, मी सांगायचं. रिटायर झालो म्हणून आता मी लोकांना विचारत फिरू की काय.

५ नोव्हेंबर, सकाळ

घर शांत. उत्तम. विचार करायला मोकळीक. साखरेचा डबा सापडत नाही. हिला फोन करून विचारावंसं वाटलं. नाही विचारलं. बिनसाखरेचा चहा प्रकृतीला चांगला.

संध्याकाळ

डबा नाही सापडला, पण कल्पना सापडली. कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्याने पावाची घोडागाडी बंद करून व्हॅन घेतली आहे. त्याची घोडी नुसती उभी असते. मेहुण्याचं गाव दीडशे किलोमीटर. साठी उलटलेला माणूस एवढं अंतर घोड्यावरून, एकटा, कोणाचीही मदत न घेता कापतो म्हटल्यावर त्याला एक नळ जमणार नाही असं कोण म्हणेल? ही दारात येईल, मला घोड्यावर बघेल आणि म्हणेल, चुकलंच माझं. मी मोठ्या मनाने म्हणेन, असू दे. मग आम्ही दोघं परत येऊ आणि मी नळाचे उरलेले दहा टक्के करून टाकीन.

ठराव: एक, कोणाची मदत घ्यायची नाही. दोन, मागायची तर नाहीच नाही. तीन, घोड्यावर बसायला शिकणे.

७ नोव्हेंबर

घोडी मिळाली. बेकरीवाला म्हणाला, खुशाल न्या, तिलाही हवापालट. तिचं नाव टोस्ट. हे काय घोडीचं नाव आहे? मी विद्युल्लता ठेवलं. त्या नावाला ती कानसुद्धा हलवत नाही. होईल सवय.

बेकरीवाल्याने एक गोष्ट दोनदा सांगितली. वर्षानुवर्षं तिने दारोदार पाव पोचवलेत. दार दिसलं की थांबते. आतून कोणी बाहेर येईपर्यंत हलत नाही. आणि माणूस परत आत जाऊन दार बंद झालं, की लगेच पुढे निघते, मग मागचा माणूस गाडीत चढलेला असो वा नसो. मी हसलो. म्हटलं, ते तुमच्याकडे. माझ्या हाताखाली शिस्त वेगळी असते.

८ नोव्हेंबर

खोगीर नाही. अडलं नाही. माझी स्कूटर गेली दोन वर्षं सर्व्हिसिंगसाठी मीच सुटी करून ठेवली आहे, तिची सीट घोडीच्या पाठीवर सामानाच्या पट्ट्यांनी आवळून बसवली. तंतोतंत बसली. आरसे पण लावणार होतो, पण घोडीने नकार दिला.

चार्जर न्यायचा नाही असं ठरवलं. पूर्वीच्या घोडेस्वारांकडे कुठे चार्जर होते.

९ नोव्हेंबर

सकाळी सहाला प्रयाण. कंपाउंडच्या भिंतीवर चढून सीटवर बसलो. कोणाची मदत नाही.

संध्याकाळी साडेसहा. अजून आमच्याच गल्लीत आहे. घोडी प्रत्येक दारात थांबते. प्रत्येक दारातून कोणीतरी येतं, विचारतं, काका काय हे, मी सांगतो, ते आत जातात, दार लावतात, की आम्ही पुढच्या दारात. एका परीने बरंच झालं, मोहिमेची प्रसिद्धी झाली. झोपायला घरीच आलो.

११ नोव्हेंबर

काल गावाबाहेर पडलो. हायवेला दारं कमी असल्यामुळे विद्युल्लता छान चालते.

आज एका पंक्चरवाल्याच्या दुकानाशी थांबली. मी खाली उतरलो. पंक्चरवाला धावत आला आणि मला उचलायला लागला. त्याला ठणकावून सांगितलं की मी पडलो नाही, उतरलो. उतरण्याची माझी पद्धत वेगवान आहे. तो म्हणाला, कोपरातून रक्त येतंय. मी म्हटलं, कोपर माझं आहे.

मग परत बसायचं होतं. जवळपास भिंत नव्हती. पंक्चरवाला म्हणाला, हात देतो. मी नको म्हटलं. दुपार झाली. तो फारच काळजीत दिसायला लागला, बिचारा. कसली तरी अडचण असणार घरची. मला राहवलं नाही. म्हटलं, काही लागलं सवरलं तर संकोच न करता फोन कर. माझा फोन बंद पडल्यामुळे हिचा नंबर दिला. तो लगेच आत गेला आणि बराच वेळ बोलत होता. माझ्याबद्दल खात्री करून घेत असावा.

बाहेर आला तो वेगळाच माणूस. हात जोडून म्हणाला, साहेब, हे जुने टायर एकावर एक रचलेत, वजन पेलतात की नाही कळत नाही. तुमच्यासारख्या जाणत्या माणसाने वर उभं राहून बघितलं तर बरं होईल. गरजू माणसाला नाही कसं म्हणणार? उभा राहिलो. पेललं. घोडी शेजारीच होती, तर बसून घेतलं.

१३ नोव्हेंबर

पँट मागून उसवली. पूर्ण. लक्ष दिलं नाही.

घोडी एका शिवणकाम करणाऱ्या बाईंच्या दारात थांबली. बाई जणू वाटच बघत होत्या. म्हणाल्या, दादा, मशीनची नवीन सुई आणलीये, चालते की नाही बघायला कुठे फाटलेली पँट मिळेना. काय योगायोग. त्यांच्या नवऱ्याचा लेंगा घालून तासभर बसलो आणि त्यांची अडचण दूर केली. सुई चांगली आहे असं सर्टिफिकेटही तोंडी देऊन टाकलं. जेवण फार उरलंय, वाया जाईल, म्हणाल्या. तेही संपवून दिलं. त्यांनाही हिचा नंबर दिला. त्या म्हणाल्या, आहे आमच्याकडे. म्हणजे माझं नाव पुढे पुढे पोचतंय.

एक शोध लागला आहे. बेकरीवाल्याची समजूत साफ चुकीची. घोडी दारांपाशी थांबत नाही. तिला गरजू माणसं कळतात.

१५ नोव्हेंबर

बसता येत नाही. म्हणजे खुर्चीवर. घोडीवर त्याहून नाही. हे स्नायू तयार होण्याचं लक्षण.

आज गुरांचे डॉक्टर. गेटपाशी स्टूल घेऊनच उभे होते. म्हणाले, हे स्टूल डुगडुगतं का ते जरा उतरून बघता का. नाही डुगडुगत. सीट काढून घोडीची पाठ बघितली. स्कूटरची सीट तिला दोन ठिकाणी लागली होती. कसं कोण जाणे, सीट तर फोमची आहे. मग म्हणाले, माझ्याकडे एक जुनं खोगीर पडून आहे, नुसती जागा अडवतं, बायको रोज बोलते, उपकार करा आणि घेऊन जा. दुसऱ्याच्या बायकोचं बोलणं मला समजतं. घेतलं. शिवाय त्यांचा एक अभ्यास चालू आहे, घोड्याचं मलम माणसाला चालतं का. त्यासाठी मी पालथा झोपलो. चालतं.

घोडीला दोन दिवस विश्रांती द्या म्हणाले. मला थांबायला वेळ नव्हता, पण त्यांना एकटं जेवायचा कंटाळा येतो म्हणाले. बायको समोरच वाढत होती. माणूस गर्दीतही एकटा असू शकतो.

विद्युल्लतेला रात्री सॉरी म्हटलं. तिने मान फिरवली. टोस्ट म्हटल्यावर बघितलं.

१८ नोव्हेंबर

ह्या भागातली परिस्थिती गंभीर आहे. गावात शिरलो तर अख्खी आळी दारात उभी. प्रत्येकाची काही ना काही अडचण. कोणाकडे ताक जास्त झालेलं. कोणाला गरम पाण्याची बादली कमी गरम आहे की जास्त हे अंघोळ करून सांगणारा माणूस हवा. गादीवाल्याने तर हद्द केली. नवीन गादीवर कोणी झोपून बघितल्याशिवाय ती विकायची नाही असं त्याच्या धंद्यात असतं म्हणे. झोपून बघितलं. सकाळी साडेआठपर्यंत बघितलं. गादी चांगली आहे.

एक ड्रायव्हिंग स्कूलवाला सगळ्या विद्यार्थ्यांना घेऊन आला आणि मला चौकातून वळून दाखवायला सांगितलं. घोडी भलत्याच रस्त्याला लागली. तो विद्यार्थ्यांना म्हणाला, बघितलंत? सगळ्यांनी माना डोलावल्या. मग त्याने स्वतः लगाम धरून आम्हाला योग्य रस्त्याला आणून सोडलं, प्रात्यक्षिक म्हणून.

एकच वाटतं. ह्या लोकांनी जरा स्वतःच्या पायावर उभं राहायला शिकलं पाहिजे. मी किती जणांना पुरणार.

वजन वाढलंय. पँट परत उसवेल.

१९ नोव्हेंबर

आज एक वेगळा प्रकार. एकाकी घर, रस्त्यापासून आत. घोडी नेहमीसारखी थांबली. एक म्हातारी बाहेर आली. कानाने अधू. तिच्याकडे फोन नव्हता. तिला काहीच नको होतं. मी विचारलं, काही अडचण? ती म्हणाली, मला कसली अडचण, तूच दमलेला दिसतोस. आणि तांब्याभर पाणी आणून हातात दिलं. म्हणाली, पी.

मी सांगणार होतो की मी कोणाची मदत घेत नाही. पण तहान लागली होती. प्यालो. गार होतं.

तिने विचारलं कुठे चाललास. बायकोला आणायला. ती का गेली? मी ओरडून ओरडून सगळं समजावून सांगितलं, नळ, शॉवर, प्रेशर, दहा टक्के. तिने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, तुमच्याकडे प्लंबर मिळत नाही का रे?

तिला टेक्निकल बाजू कळली नसावी.

ती आत गेली, दार लागलं, घोडी निघाली. पुढे बराच वेळ बोलायला कोणी नव्हतं. ही फार आठवली. रेनकोट घालून शॉवरखाली कुकर घासताना ती एकदा हसली होती, जुलैमध्ये. मला वाटलं तिला मजा येतेय. ऑगस्टमध्ये हसली नाही, ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं. ती नाहीच आली तर काय करायचं हे मी प्लॅनमध्ये कुठेच धरलेलं नाही.

डोळ्यांत पाणी वाऱ्यामुळे. हायवेला वारा असतो.

२० नोव्हेंबर

उद्या पोचणार. भाषण पाठ केलं. सुरुवात: बघितलंस? शेवट: असू दे.

राहिलेली कामं: घोड्यावरून नीट उतरण्याचा सराव. आतापर्यंत प्रत्येक ठिकाणी कोणाचं ना कोणाचं स्टूल, टायर किंवा ओटा तपासायचा निघाल्यामुळे सराव राहूनच गेला. उद्या सकाळी लवकर करू.

२१ नोव्हेंबर, रात्री

सकाळी सराव झाला नाही. उशिरा उठलो.

अकरा वाजता मेहुण्याच्या दारात. घोडी आपणहून थांबली, तेवढा शॉट मस्त आला. दार उघडलं. ही बाहेर आली. मला बघून तिचा चेहरा एकदम सैलावला, मला स्पष्ट दिसलं. तिने सगळी तपासणी केली, वरून खालपर्यंत, कोपर, पँट, घोडी. मग चेहरा परत आवळून म्हणाली, प्लंबर?

मी भाषण सुरू केलं. बघितलंस, म्हटलं, दीडशे किलोमीटर, एकट्याने, कोणाचीही मदत न घेता. ह्यावरून तुझ्या लक्षात येईल की ज्या माणसाला.

इथपर्यंत आलो आणि ती वळली, आत गेली आणि दार लावून घेतलं. जोरात नाही. साधंच लावलं.

दार लागलं म्हटल्यावर घोडी निघाली. मी लगाम ओढला. विद्युल्लता म्हटलं, टोस्ट म्हटलं, चौकशीच्या खिडकीत वापरायचो तो आवाज काढला. काही उपयोग नाही. तिच्या दृष्टीने ह्या घरचा पाव देऊन झाला होता.

शेजारच्या घरातून एक बाई आल्या, बघून आत गेल्या, दार लावलं. पुढे. त्याच्या पुढच्या घरी घोडी थांबली ती थांबलीच. घराला कुलूप. मालक परदेशात मुलाकडे असतात असं नंतर कळलं. दार उघडणार नाही, म्हणून बंद होणार नाही, म्हणून घोडी हलणार नाही. आणि मला उतरता येत नाही. जवळ ओटा नाही, भिंत नाही, टायर नाही. गल्लीतले लोक खिडक्यांत. कोणाचीही कसलीच अडचण नाही. ह्या गावात सगळे एकदम सुखी कसे, असं मनात आलं.

ऊन डोक्यावर आलं. पाय बधिर. टोस्टने एकदा मागे वळून माझ्याकडे बघितलं. तिलाही माझा कंटाळा आला असावा.

मग ही आली. पायात चपला, हातात काही नाही. खाली उभी राहून वर बघत म्हणाली, उतरायचंय का?

मी म्हटलं, नाही, जरा विश्रांती घेतोय.

बरं, म्हणाली, आणि वळून चालायला लागली. चपलांचा आवाज लांब जायला लागला. आज ती दारातून नाही, रस्त्यावरून चालली होती, आणि ह्या वेळी घोडीसुद्धा मला तिच्या मागे नेणार नव्हती.

मी हाक मारली. अगं, म्हटलं. थांबली, पण वळली नाही. म्हटलं, मला उतरता येत नाही. केव्हाच येत नव्हतं. जरा मदत कर.

हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा बोललो.

ती आली. म्हणाली, आधी रिकिबीतून पाय काढा, नाहीतर डोक्यावर पडाल. मेहुण्याला हाक मारली. तो आधीच खुर्ची घेऊन कोपऱ्यावर उभा होता. भावोजी, म्हणाला, ही खुर्ची डुगडुगते का बघता का? ही त्याला म्हणाली, आता राहू दे ते. नुसती धर.

उतरायच्या आधी, वर बसूनच विचारलं, तुझ्या फोनमध्ये प्लंबरचा नंबर आहे का. होता. लावला. तो म्हणाला, चोवीस तारखेला सकाळी येतो. मी प्लीज म्हटलं. ही खाली उभी राहून ऐकत होती. मग दोघांनी मिळून मला उतरवलं. तिचा हात घट्ट होता.

संध्याकाळी मी म्हटलं, प्रवास तर पूर्ण केला ना मी. ती म्हणाली, घोडीने केला. तुम्ही वर होतात.

२३ नोव्हेंबर

परत निघालो. पंक्चरवाल्याच्या भावाचा टेम्पो रिकामाच परत जाणार होता म्हणे. मागे घोडी, पुढे आम्ही.

प्रत्येक ठिकाणी टेम्पो थांबला. गादीवाला, डॉक्टर, शिवणाच्या बाई. सगळे धावत आले आणि हिला भेटले. वहिनी, आता कसं आहे त्यांचं? मी शेजारीच बसलेलो. हिने प्रत्येकाचे हात हातात घेऊन आभार मानले. प्रत्येकाला नावाने ओळखत होती. मला एकाचंही नाव माहीत नव्हतं. त्यांनी मला विचारलं होतं, मी त्यांना नव्हतं विचारलं.

डॉक्टरांचं गेट मागे पडलं. मग हिला म्हटलं, ह्या सगळ्यांना तू कशी ओळखतेस. म्हणाली, तुम्हीच दिलात ना माझा नंबर. पंक्चरवाल्याचा पहिला फोन आला, साहेब पडलेत आणि हात लावू देत नाहीत, काय करू. मी सांगितलं, त्यांना मदत करू नका, त्यांच्याकडे मदत मागा. मग तो पुढच्याला सांगायचा, पुढचा त्याच्या पुढच्याला.

मी विचारलं, आणि गादी? गादी कोणाला तपासून बघायची नसते, म्हणाली.

मग टेम्पो मागे वळवायला लावला. म्हटलं, मागे रस्त्यापासून आत एक घर राहिलं, एक म्हातारी आहे, तिला फोन नाही गेला. तिने पाणी दिलं ते कोणीही सांगितलेलं नव्हतं. उतरलो, ह्या खेपेला हिचा हात धरून. नाव विचारलं. तिने सांगितलं आणि म्हणाली, मिळाला का प्लंबर?

२४ नोव्हेंबर

टोस्ट बेकरीवाल्याकडे सुखरूप. त्याने विचारलं, घोडीने ऐकलं का तुमचं? म्हटलं, तुम्ही सांगितलं होतं तशीच वागली ती, मीच ऐकलं नव्हतं.

प्लंबर आला. सिंकखाली डोकं घातलं, दोन पाइपांची अदलाबदल केली, उठला. झालं म्हणाला. चहाचं आधण पण आलं नव्हतं. मग भिंतीकडे बघत बसला आणि विचारलं, हे असं कोणी केलं होतं?

मी तोंड उघडलं. त्याआधी ही म्हणाली, आधीचे भाडेकरू होते ना, त्यांनी.

प्लंबर म्हणाला, काय माणसं असतात. मी पण म्हटलं, हो ना.

तो गेल्यावर स्वयंपाकघरातला नळ सोडला. पाणी स्वयंपाकघरातच आलं. ही बराच वेळ नुसती बघत उभी होती. मग मी साखरेचा डबा कुठे असतो ते विचारलं. चहाच्या डब्याच्या मागे असतो. नेहमीच तिथे असतो म्हणाली.

दुपार

शॉवर येत नाही. बहुतेक अदलाबदलीत त्याचं काहीतरी राहिलं. किरकोळ काम. एक नट. पाना घेतला, स्टूल ओढलं, बाह्या सारल्या. स्टुलावरून बाहेरची खोली दिसते. हिची बॅग दाराशी होती तशीच, न उघडलेली.

उतरलो. पाना जागेवर ठेवला. खिडकीतून बघितलं तर प्लंबर कोपऱ्यावर बेकरीपाशी टोस्टला पाव चारत होता. हाक मारली. म्हटलं, अहो, जरा वर येता का, मला जमत नाहीये.

आला लगेच. बिचाऱ्याला आज दुसरं काम नसावं. तो शॉवरखाली उभा असताना आतल्या खोलीतून ही बॅगेची चेन उघडत असल्याचा आवाज आला.